यंत्राचा विमा होता, माणसाचा नव्हता



मी सत्तावीस वर्षं कामगार न्यायालयात वकिली केली. त्यातली बरीचशी मालकांच्या बाजूनं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे बोलणार आहे ते कुठल्या खुर्चीत बसून शिकलो याबद्दल तुमचा गैरसमज नको. कारखान्यात कुणाचा हात सापडला, कुणी पाडावरून पडला, की दोन-चार दिवसांत मालक माझ्या ऑफिसात यायचा. त्याला पाणी विचारायच्या आधी मी एक प्रश्न विचारायचो, "मस्टरवर नाव आहे का?" नाही म्हणाला, तर त्याच्याही चेहऱ्यावर थोडा जीव यायचा आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

२०११ सालची एक केस सांगतो. नावगाव सांगत नाही. औद्योगिक वसाहतीतला एक छोटा प्रेस शॉप. मालक मूळचा लेथवर काम करणारा माणूस. बँकेचं कर्ज काढून दोन पॉवर प्रेस घेतलेल्या, मोठ्या कारखान्यांना पत्र्याचे लहान भाग पुरवायचा. मस्टरवर माणसं आठ. जेवणाच्या सुट्टीत मात्र डबे उघडायचे चौदा. दहा झाले की ईएसआय लागू होतो, म्हणून हा आठाचा आकडा. हे गणित त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, आख्ख्या वसाहतीला ते पाठ होतं.

त्या चौदांमध्ये मराठवाड्यातून आलेला एक पंचवीस वर्षांचा पोरगा होता. पगार महिना सहा हजार. रात्रपाळीत डायमध्ये अडकलेला तुकडा काढताना प्रेस खाली आली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसला सेन्सर होता, पण उत्पादन मंदावतं म्हणून त्याची वायर काढून ठेवलेली होती. मालकानं त्याला स्वतःच्या स्कूटरवर बसवून खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं, गावी जायला पंधरा हजार रुपये दिले आणि स्टॅम्पपेपरवर सही घेतली, की आता माझी काही तक्रार नाही. सही डाव्या हाताची होती.

पोरानं अर्ज केला आणि मालक माझ्याकडे आला. कागद काढून ठेव म्हटलं, तर पिशवीतून विम्याच्या दोन पॉलिसी निघाल्या. मला वाटलं, चला, सुटलो. पाहतो तर एक स्कूटरची आणि दुसरी प्रेसची. प्रेस बँकेकडे तारण होती आणि तिचा आगीचा विमा उतरवल्याशिवाय बँकेनं कर्जच दिलं नसतं. स्कूटरचा विमा नसता तर चौकात हवालदारानं पकडलं असतं. माणसांचा विमा? "तो कुणी मागितलाच नाही, वकीलसाहेब," असं तो म्हणाला. आणि हे त्यानं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

ही गोष्ट मी इतक्या तपशिलानं सांगतोय, कारण आपल्या कायद्यातली फट नेमकी इथं आहे.

आता थोडं मागं जाऊ. कामावर जखमी झालेल्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा जाहीरपणे मांडला तो मुंबईच्या गिरणी कामगारांनी. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. रविवारच्या सुट्टीच्या मागणीमुळे तो अर्ज आपल्याला आठवतो. पण त्यात आणखी एक मागणी होती, ती आपण विसरलो: कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. दुसऱ्या मागणीला १९२३ साल उजाडलं.

त्या वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्यातली मोठी गोष्ट अशी, की मालकाची चूक होती हे कामगारानं सिद्ध करायची गरज उरली नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढं पुरे. अपवाद आहेत. दारूच्या नशेत असेल, मुद्दाम सुरक्षेचं साधन काढून टाकलं असेल, तर मालकाला बचाव मिळतो. पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर तो बचावही चालत नाही. भरपाईचं गणितही कायद्यानंच घालून दिलं. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. २०२० च्या जानेवारीत हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरली. तेवढं वेतन धरलं, तर तीस वर्षांच्या माणसाच्या कुटुंबाला १५ लाख ५९ हजार ८५० रुपये मिळायला हवेत.

आणि मालकानं दिले नाहीत तर? इथं कायदा चांगला कडक आहे. महिनाभरात पैसे दिले नाहीत, तर १९२३ च्या कायद्यानं वर्षाला १२ टक्के सरळ व्याज. शिवाय उशिराला योग्य कारण नसेल, तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. मघाच्या उदाहरणात व्याजच वर्षाला एक लाख ८७ हजारांच्या वर जातं आणि दंड पावणेआठ लाखांच्या पुढं जाऊ शकतो. पूर्वी हा दंड सरकारजमा व्हायचा. पुढं कायदा बदलला आणि तो कामगाराला किंवा त्याच्या वारसांना मिळू लागला. ही दुरुस्ती मला फार शहाणपणाची वाटते. ज्याला वाट पाहायला लावली, त्यालाच वाट पाहण्याचा मोबदला.

मालक मंडळींचा एक आवडता युक्तिवाद होता, मीही तो केलेला आहे: कोर्टानं रक्कम ठरवल्याशिवाय आम्ही द्यायची कशी? सर्वोच्च न्यायालयानं १९७५ सालीच त्याचा निकाल लावला होता. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. न्यायालय म्हणालं, पैसे देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. शिवाय एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली असं धरलं. पुढं १९९७ मध्ये आणखी एक निकाल आला. विमा कंपनी भरपाई देईल, व्याजही देईल, पण दंड देणार नाही. तो मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचा. म्हणजे विमा असला तरी टाळाटाळीची किंमत विम्यावर ढकलता येत नाही.

मालक जी डाव्या हाताची सही घेऊन आला होता, तिचं काय झालं? काही नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल असतो. आजही स्टॅम्पपेपरवरच्या अशा सह्या सर्रास घेतल्या जातात. कागद पाहून घाबरणाऱ्याला घाबरवणं एवढाच त्यांचा उपयोग. मृत्यूच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. भरपाईची रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर विधवेच्या हातावर पाच-पन्नास हजार ठेवले, तर ती भरपाई धरली जात नाही.

पुन्हा आपल्या केसकडे येतो. मी बचाव काय घेतला असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल: हा आमचा कामगारच नाही. मस्टरवर नाव नाही, पगारपत्रकात नाही. पलीकडच्या वकीलबाई तरुण होत्या, पण चिकाटीच्या. त्यांनी दवाखान्याचा केसपेपर मागवला. दाखल करतानाच डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं, की प्रेस मशीनमध्ये हात सापडला, कारखान्याच्या मालकानं आणलं. मग त्यांनी सुपरवायझरची ओव्हरटाइमची वही हजर करवली. चाळीस पानी वही, तेलाचे डाग पडलेली. त्या महिन्यात पोराचं नाव तीनदा होतं.

यात एक गंमत होती. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, त्यानं ईएसआयकडे जायचं. म्हणजे मला खरं तर म्हणता आलं असतं, की इथं चौदा माणसं आहेत, ईएसआय लागू आहे, तेव्हा हा अर्जच चालणार नाही. पण तसं म्हणायचं तर मालकानं इतकी वर्षं ईएसआय चुकवला हे कबूल करायला हवं. आठाचा आकडा त्यानं ज्या कारणासाठी धरून ठेवला होता, त्याच आकड्यानं आता त्याला धरून ठेवलं.

निकालाला चार वर्षं लागली. दोन बोटांसाठी कायद्याच्या कोष्टकात २० टक्के आहेत. मूळ भरपाई झाली १,५६,१७५ रुपये. व्याज साधारण पंचाहत्तर हजार. दंड पूर्ण पन्नास टक्के, ७८ हजार. एकूण तीन लाख नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे मूळ रकमेच्या जवळजवळ दुप्पट. अपील करायचं तर आधी सगळी रक्कम भरावी लागते, तेव्हा अपील नाही.

कायदा जिंकला असं तुम्हाला वाटेल. मलाही त्या दिवशी वाटलं. पण मालकाकडे पैसे नव्हतेच. त्याच वर्षी त्याचं मोठं गिऱ्हाईक तुटलं. प्रेस बँकेनं नेल्या. भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, त्याप्रमाणे दाखला तहसील कचेरीत गेला. तिथला माणूस शेडवर पोचला तेव्हा शेडला दुसऱ्याचं कुलूप होतं. मालकानं जमेल तसे हप्ते दिले, सगळे मिळून नव्वद हजारांपर्यंत. पुढं तेही थांबले. माझी फी मात्र मला सुरुवातीलाच मिळाली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं, की शिक्षा मालकाला जरूर व्हावी, पण कामगाराच्या हातात पडणारे पैसे त्या शिक्षेवर अवलंबून असू नयेत. १९२३ च्या कायद्यानं मालकावर भरपाईचं ओझं टाकलं, उशिराबद्दल दंड ठेवला, पण विमा उतरवण्याची सक्ती केली नाही. विमा न उतरवणं हा त्या कायद्यात गुन्हाच नव्हता. मोठ्या कंपनीला त्यानं फरक पडत नाही. छोट्या मालकाचा विमा नसेल तर अपघातात दोघंही बुडतात, आधी कामगार, मागून मालक. उलट मोटारीचं पाहा. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणून ट्रकवर ड्रायव्हर दगावला तर त्याच्या घरच्यांसमोर निदान एक विमा कंपनी उभी असते. प्रेसवर बोटं गेली तर समोर कुलूप.

ईएसआयचा विचार याच अडचणीतून निघाला. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्यातून पुढं १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. इथं मालकाची मर्जी नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, ठरावीक पगारापर्यंतच्या सगळ्यांचा विमा सक्तीचा. २०१७ पासून ही पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. पंधरा हजार पगारावर दोघांचे मिळून महिन्याला सहाशे रुपये. एवढ्यावर अपघात, आजारपण, बाळंतपण, कुटुंबाचे औषधोपचार आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पेन्शन.

आणि मालकानं वर्गणी भरली नाही तरी कामगाराला वाऱ्यावर सोडलेलं नाही. महामंडळानं कामगाराला लाभ द्यायचा आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायची, अशी तरतूद त्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. मालकाचं दिवाळं निघालं तर ती डोकेदुखी महामंडळाची, बोटं गेलेल्या पोराची नव्हे. माझ्या मते सगळ्या शिक्षांपेक्षा या एका कलमाची किंमत जास्त आहे.

शिक्षा अर्थात आहेतच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि १९२३ व १९४८ चे हे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. तिच्यानुसार कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली आणि भरली नाही, तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि एक लाख रुपये दंड. वर्गणी भरलीच नाही अशा इतर बाबतींत दोन ते सहा महिने आणि पन्नास हजार. थकबाकीइतकी रक्कम वर दंडादाखल वसूल होऊ शकते ती वेगळीच. कापलेली वर्गणी खिशात घालणं हा फौजदारी कायद्यानं विश्वासघातही ठरतो, पूर्वी दंड संहितेत होता, आता न्याय संहितेत आहे. हा भेद मला योग्य वाटतो. न भरणं वेगळं आणि गरिबाच्या पगारातून काढून घेऊन न भरणं वेगळं.

मात्र याच संहितेत खटला भरण्याआधी मालकाला तीस दिवसांची मुदत द्यायची आहे. तेवढ्यात त्यानं चूक सुधारली तर खटला नाही. तीन वर्षांत तीच चूक पुन्हा केली तर मुदत मिळत नाही. छोट्या उद्योजकाला कागदपत्रांच्या चुकीसाठी तुरुंग नको, इथवर ठीक. पण काही वसाहतींत काय चालतं ते मी पाहिलं आहे. माणूस कामाला लागतो तेव्हा त्याची नोंदणी होत नाही. अपघात झाला की त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी घाईघाईनं ईएसआयमध्ये नाव चढतं, आणि रुजू झाल्याची तारीख अशी पडते की दोन वर्षं काम केलेला माणूस कागदावर कालचा ठरतो. चूक सुधारण्याची मुदत अशा मालकाला आयतीच मिळते.

आणि जिथं दहा माणसं नाहीत, तिथं जुनीच व्यवस्था नव्या संहितेत उतरली आहे. जबाबदारी मालकाची, विमा त्याच्या मर्जीवर. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ही फट बुजवलेली आहे, म्हणून तिथला उल्लेख करतो. एकच नोकर असला तरी विमा हवा. न उतरवणं हाच गुन्हा, त्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा किमान दहा हजार डॉलर दंड. अधिकारी विमा नाही असं पाहतो तेव्हा काम बंद करण्याचा हुकूम देतो आणि त्या बंद काळातला दहा दिवसांपर्यंतचा पगार मालकानंच द्यायचा. जखमी कामगार दिवाणी कोर्टात गेला तर मालकाचीच चूक आहे असं गृहीत धरलं जातं. आणि विमा नसलेल्या मालकांच्या कामगारांसाठी एक वेगळा निधी आहे, तो आधी पैसे देतो, मग मालकाच्या मागं लागतो. तिथंही चुकवणारे आहेतच. पण अपघाताआधी पकडलं जाण्याची भीती तिथं आहे. आपल्याकडे छोट्या मालकाची भीती सुरू होते ती अपघातानंतर.

थोडं कामाचं बोलतो. नव्या कायद्यांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. ते मागा. मिळालं नाही तर गेटपास, पगाराचा मेसेज, ओव्हरटाइमच्या वहीचा फोटो, काहीतरी जपून ठेवा. अपघात झालाच तर दवाखान्यात पहिल्या कागदावर काय लिहिलं जातंय ते सोबतच्यानं वाचावं. "घरी पडला" असं सांगायला लावतात. अर्जाची मुदत दोन वर्षांची आहे, पण वाट पाहू नका. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, आता संहितेनं भरपाईत धरला आहे.

छोट्या मालकांना एवढंच सांगतो, की पॉलिसी घेताना माणसं कमी दाखवू नका. पाचांची पॉलिसी आणि शेडमध्ये नऊ, की अपघात सहाव्यालाच होतो आणि विमा कंपनी तोंड फिरवते. कामगार ठेकेदाराचा असला तरी धंदा तुमचा असेल तर भरपाईसाठी तुम्हालाच धरता येतं. ठेकेदाराकडून वसुली तुम्ही नंतर करायची.

आणि जे ना मालक आहेत ना कामगार, त्यांच्या सोसायटीत यंदा रंगकाम निघालं असेलच. तीन ठेकेदारांची कोटेशनं येतात, सगळ्यात स्वस्त कोणतं ते पाहून आपण सही करतो. त्या कोटेशनबरोबर माणसांच्या विम्याची पॉलिसी मागा, तिच्यावरची तारीख पाहा आणि किती माणसांची आहे तेही पाहा. मग गच्चीवर जाऊन दोरावर लटकलेली माणसं मोजा.